लॅमिनेट केलेली चित्रं

अरे, हे लिहिणारच नव्हतो, पण तू आल्यावर फोनवर फोन करशील. मी प्रदर्शनाच्या हॉलवर गेलोय, तिथे लावायला दिलेली माझी चित्रं उतरवायला. तुमच्या कलामंडळाच्या अध्यक्षांनी माझी पुस्तकासाठी काढलेली मूळ जलरंगातली चित्रं लॅमिनेट करून टाकली! वर मलाच म्हणतात, "धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसता येतील, बाळा." म्हणे कलेचे जाणकार! हॉटेलचं मेनूकार्ड आणि चित्र यातला फरक कळत नाही. त्या चकाकीत स्कॅनही होत नाहीत, सगळी पुन्हा काढायची.

तुझं पहिलंच प्रदर्शन आहे, म्हणून तिथे तमाशा करणार नाही. उद्या उद्घाटनाला येईन, तुझ्या चित्रापाशी उभा राहीन आणि अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. शब्द देतो.