उजव्या बाजूची शिवण

९ तारीख, रविवार, सकाळ

काल लिहिलं ते चूक आहे. सूज दादाच्या डाव्या छातीला नाही, उजव्या छातीला आहे. मी समोर उभी राहून बघत होते आणि माझी डावी लिहून मोकळी झाले! शिंप्याच्या घरची मुलगी मी – बाजू नेहमी घालणाऱ्याची धरायची, एवढंही ध्यानात राहू नये? कालचं खोडत नाही. दुरुस्ती इथे.

आणि 'थोडीशी सूज' हेही आता खरं राहिलेलं नाही. वाटी उपडी ठेवावी तशी वर आलीय. जांभळी, तकतकीत, हाताला कडक. डावी बाजू मात्र सपाट – इतकी छान सपाट! पंधराव्या वर्षापासून दादाची छाती बाईसारखी भरलेली. बाबांनी त्याला सगळे शर्ट ढगळ शिवले, गडद रंगाचे, दोन्हीकडे खिसे. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि पहिल्यांदाच तो आरशासमोर ताठ उभा राहिला. ते असं वाया जाऊ द्यायचं?

दादा म्हणतो, "टाचणी, टोचू नकोस गं. ऑपरेशन झालं की सुजतंच." बोलताना तोंडावर रंग नाही.

सिस्टरना फोन केला. "एकाच बाजूला? आणि वाढतेय? मग बोलत काय बसलात, घेऊन या!"

निघालो.

९ तारीख, संध्याकाळ

लिहायलाच हवं. दादा ठीक आहे!

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशननंतर घातलेलं दाबाचं बनियन उघडलं, दोन बोटांनी सूज दाबली आणि म्हणाल्या, "रक्त साठलंय आत. हेमॅटोमा. गाठ आतच राहिली तर कातडीवर ताण येतो, जंतू धरतात. आत्ताच काढू." दादाने विचारलं, "आत्ता म्हणजे?" तर त्या म्हणाल्या, "आत्ता म्हणजे तुमचं हे वाक्य संपलं की."

आणि खरंच नेला! जुनेच टाके उघडले, मूठभर गुठळ्या काढल्या, आतून धुतलं, वाहणारी बारीक शीर सापडली ती बंद केली, उरलेलं रक्त बाहेर यायला एक नळी ठेवली. हे सगळं मी बाहेर बाकावर बसून, आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला अडवून मिळवलं. शेवटी वॉर्डबॉय म्हणाला, "ताई, तुम्हीच या आत."

दादा शुद्धीवर येताच काय बोलला? "सपाट आहे का?" मी म्हटलं, "इस्त्री केल्यासारखी!" हसला आणि लगेच कळवळला.

बाबा आले नाहीत. त्यांना हे ऑपरेशनच नको होतं. "एवढे शर्ट शिवले ते कशासाठी?" – गुरुवारपासून दादाशी बोलणं बंद आहे.

जाताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दाबाचं बनियन घट्ट होतं ना सारखं?" दादा म्हणाला, "एकदम." मी गप्प बसले.

१० तारीख, सोमवार, सकाळ

का गप्प बसले ते आता लिहिते.

शनिवारी दादा म्हणाला, बनियन काखेखाली काचतंय. मी काढलं, उजवी शिवण उसवली, दोन बोटं सैल केली, पुन्हा टीप मारली. विचारसुद्धा केला नाही! माझी शाळा घरातच सुरू झाली. अक्षरं आत्याने शिकवली आणि टाकेही आत्यानेच. तिचं पहिलं वाक्य – "अंगावरचं काचलं तर चूक शिवणाऱ्याची." आमच्या घरात काचणारं कापड कुणाच्या अंगावर तासभर राहत नाही. पण हे कापड काचण्यासाठीच होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि शिवण अशी बेमालूम घातली की कंपनीची वाटावी. काल ऑपरेशननंतर सिस्टरनी तेच बनियन पुन्हा चढवलं. आत्ता त्याच्या अंगावर तेच आहे! दादाने शपथ घातलीय. "सांगितलंस तर बाबांना कळेल. म्हणतील, आपल्याच हाताने करून घेतलंत."

नळीत अजून लालभडक येतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत ते कमी झालं नाही तर पुन्हा उघडावं लागेल. दादाने भिंतीकडे तोंड केलं.

सांगणार. शपथ गेली चुलीत.

१० तारीख, रात्रीच्या जेवणाआधी

सांगितलं! आणि तेही कधी – नेमके बाबा दारात उभे असताना!

दुकान बंद करून आले होते, दुपारी. दादाकडे न बघता थेट डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "दोनदोनदा चिरायचं म्हणजे काय? तुमचंच कुठेतरी चुकलंय." मी मध्येच बोलून टाकलं, "बाबा, त्यांचं नाही. बनियन मी सैल केलंय." दादा ओरडला, "टाचणे!"

बाई बनियन उलटसुलट करून बघतायत. "कुठे? मला तर दिसत नाही." बाबांनी हात पुढे केला, अंगठा फिरवला, तो एका जागी थांबला. "ही शिवण. हिचाच हात आहे." आवाजात राग होता आणि – चुकत नसेन तर – आणखीही काही होतं.

मला वाटलं, आता दोघं मिळून मला फाडून खाणार. बाई म्हणाल्या, "शीर याच्यामुळेच सुटली असं मी म्हणणार नाही. कधीकधी कशानेही सुटते. पण आत पोकळी राहिली की रक्ताला जागा मिळते. आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. आत्ता सांगितलंस तेही बरंच झालं. आधी दाब नीट देऊन बघू, नाही थांबलं तर आत घेऊ." त्या मापाचं दुसरं बनियन उद्याच मिळणार होतं. बाबांनी खिशातून सुई-दोरा काढला. "उद्या कशाला?"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही! बाई दादाच्या छातीवर बोटं ठेवून सांगतायत, "आणखी घ्या... आणखी." बाबा टाके घालतायत आणि कुरकुरतायत, "इतकं घट्ट मी गिऱ्हाइकाला देत नाही." बाई म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक नाही, माझा पेशंट आहे." दादा मधोमध हात वर करून उभा. "माझं कुणी ऐकणार का? श्वास घेता येत नाही." दोघंही एकदम म्हणाले, "येतोय!"

चार दिवसांनी बाबा त्याच्याशी बोलले. एकच शब्द, पण बोलले.

११ तारीख, मंगळवार

नळीत गुलाबी! लाल नाही, गुलाबी! पुन्हा उघडायचं नाही!!

१४ तारीख, शुक्रवार

नळी काढली. थोडं पाणी उरलं होतं, ते बाईंनी सुईने ओढून घेतलं – पिवळसर. मी ट्रे धरला, डोळे मिटले नाहीत. कातडीचा रंग निळ्याचा हिरवा होतोय, तो तसाच जायचा म्हणे. महिनाभर बनियन दिवसरात्र. "आणि तू," बाई मला म्हणाल्या, "कात्री लांब ठेवायची." 

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक, बाई, काचायला म्हणूनही शिवतात ते." माझ्याहून तीच जास्त ओशाळली. उगाच सांगितलं का? नाही, सांगायलाच हवं होतं.

१७ तारीख, सोमवार

दादा बनियनवर जुना शर्ट घालून बघत होता. तंबूत काठी उभी करावी तसा दिसतो! बाबांनी पाठीवरचं जास्तीचं कापड चिमटीत धरलं. मग म्हणाले, "नवा कापायला हवा." दादाला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून होता.

१९ तारीख, बुधवार

दुकान बंद झाल्यावर बाबांनी मला थांबवलं. टेप हातात दिली. "माझं माप घे." बाबांचं माप मी कधीच घेतलेलं नाही, आत्यानेही नाही. स्वतःचे कपडे ते स्वतःच बेततात. छातीभोवती टेप आणली आणि हाताला कळलं. ढगळ शर्टाखाली छाती भरलेली, दादाची होती तशीच.

मी आकडा वहीत लिहिला. बाबा म्हणाले, टेपेकडे बघत, "माझ्या वयात करतात का गं? विचारशील?"

परवा, शुक्रवारी, २१ तारखेला दादाचे टाके दाखवायला जायचंय. त्याच वेळी बाबांना बरोबर घेऊन जाणार.