परद्यावर दोन दारं

अप्पा, परदा लागला. तुमच्या महादेवाशिवाय.

जिल्ह्याच्या ठिकाणचं नाट्यगृह दुरुस्त झालं आणि तिथं आगीचा परदा बसवायचं ठरलं. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून सांगते. काचेच्या धाग्याचं जाड कापड असतं. ते स्टेजच्या वर गुंडाळून ठेवतात. आत आग लागली की कळ ओढायची, परदा स्वतःच्या वजनानं खाली येतो आणि आग नि माणसं यांच्यामध्ये भिंत उभी राहते. कापड नुसतं राखाडी. त्यावर चित्र काढायला समितीनं मला बोलावलं, कारण मी नेपथ्य करते, आणि कारण मी तुमची मुलगी. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, लहानपणी तुमचे परदे पाहिलेले. त्यांनी महादेव सांगितला. मी नाही म्हटलं. मोर चालेल का, असं दुसऱ्या एकानं विचारलं. त्यालाही नाही म्हटलं. अध्यक्ष हसले.

"अप्पाचा हात तुमच्यात उतरला न्हाई म्हणा की सरळ, ताई."

"उतरलाय. महादेव येतो मला. काढणार नाही."

का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी सगळ्यांसमोर गोदामाची गोष्ट सांगितली. तुम्ही असता तर मला दंडाला धरून बाहेर नेलं असतं.

मी दहा वर्षांची आहे. तुमच्याकडे तुम्हीच रंगवलेले नाटकाचे चार परदे आहेत: महाल, जंगल, रस्ता आणि सगळ्यांच्या पुढे महादेव. एसटीच्या टपावर बांधून तुम्ही ते बोरीला नेता, राणीसावरगावला नेता, देवगाव फाट्यावर उतरून पुढे बैलगाडीनं नेता. प्रयोगाच्या आधी महादेव खाली येतो, आतून नांदी सुरू होते, लोक हात जोडतात. महादेव वर गेला की नाटक. इतक्या गावांना तुम्ही हे शिकवलं होतं. त्या वर्षी आपल्या गावात रात्री वीज नसायची, म्हणून प्रयोग दुपारी ठेवला, सोसायटीच्या पत्र्याच्या गोदामात, दारं लोटून अंधार केलेला. तेलाचे डबे कापून त्यांत बल्ब बसवलेले. दुसऱ्या अंकात एक तापलेला डबा जंगलाला टेकला. लोकांना ज्वाळा दिसून चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून तुम्ही सगळ्यांत जवळचा दोर सोडला. महादेव खाली आला.

आणि सगळं गोदाम हात जोडून बसलं.

आतून तुम्ही ओरडत होता, "आग लागलीय, भाईर निघा." लोकांना ते नाटकातलंच वाक्य वाटलं. मागून कुणीतरी हर हर महादेव म्हणालं, बाकीच्यांनी साथ दिली. धूर परद्याच्या वरून यायला लागला, तरी माना खाली. मग महादेवाच्या छातीतून सुरीचं टोक आलं. कापड बेंबीपर्यंत फाटलं आणि त्यातून तुमचं डोकं बाहेर आलं, भुवया जळलेल्या, तोंडात शिवी. तेव्हा लोक उठले. एक माणूस आत राहिला नाही. तुमच्या उजव्या हाताची बोटं मात्र आग विझवताना भाजून एकमेकांना चिकटली ती कायमची.

गावात आगीबद्दल कुणी फार बोललं नाही. महादेव फाडला, हे महिनोन्महिने बोलले. मला ते स्वयंपाकघर दिसतं. हाताला पट्टी, आई तुम्हाला घास भरवायलीय, तुम्ही चुलीकडे बघत चावताय. मी म्हटलं, पण अप्पा, सगळे वाचले की. तुम्ही घास गिळला.

"गप बस. आग कुणीबी इझवली असती. देवाला सुरी मी लावली."

पुढची दोन वर्षं डाव्या हातानं तुम्ही नवा महादेव रंगवलात आणि देवळात नेऊन दिलात. स्टेजवर परत परदा लावला नाहीत. तेव्हा मी गप बसले. आता बसणार नाही. फाडलात ते बरोबर केलंत. माफी मागितलीत ती चूक. ज्यांचे जीव वाचवले त्यांच्यापुढे तुम्ही मान खाली घालून फिरलात, आणि त्यांनी तुम्हाला फिरू दिलं. ते मी त्यांना माफ केलेलं नाही. तुम्हालाही नाही.

मी पुढे शहरात शिकले. आगीचे परदे बघत हिंडले. एका ठिकाणी परद्यावर समोरच्या रिकाम्या खुर्च्याच रंगवल्या होत्या. प्रेक्षक स्वतःच्याच जागेकडे बघत बसतील. एका ठिकाणी शिलाई मशीन आणि दंतमंजनाच्या जुन्या जाहिराती. एका ठिकाणी लोखंडी पत्र्यावर मखमलीच्या चुण्या, इतक्या खऱ्या की मी बोट लावून पाहिलं. सगळे सुंदर. प्रत्येकापुढे मला एकच दिसायचं: लोक बसून राहतील. चांगलं चित्र माणसाला बसवतं. तुमचं तर फारच चांगलं होतं.

म्हणून मी दोन दारं काढली. त्याच सभागृहाची, डावं आणि उजवं, सताड उघडी. दारांत ऊन, आणि उन्हात बाहेर खरोखर आहे तेच: एका बाजूला लिंब, दुसऱ्या बाजूला सायकल स्टँड. बाकी परदा राखाडीच ठेवला. अध्यक्षांनी अट घातली होती. चाचणीला लोक उठले नाहीत तर दारांवर महादेव चढवायचा, आणि तो मीच रंगवायचा. मी कबूल झाले.

चाचणीच्या सकाळी बायकांचं भजन ठेवलं. बाजारातले, आसपासच्या गावांतले लोक येऊन बसले. काय होणार हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याला मी कळ ओढली. परदा आला. मी बाजूला उभी राहून श्वास मोजत होते. पाच. सहा. कुणी हललं नाही. मग माना वळायला लागल्या, चित्रातल्या दारावरून खऱ्या दाराकडे. चौथ्या रांगेतली एक म्हातारी पदर सावरत उठली.

"दारं उघडलीत. सुटलं जणू. चला गं."

भजन सुटलं नव्हतं. तरी सगळे निघाले. पहिल्या रांगेत अध्यक्ष एकटे उरले, हात जोडलेले. सवय. आपण कशाला हात जोडलेत ते त्यांनी नीट पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी मला म्हणाले, "सायकल स्टँडला नमस्कार करायला लावला, ताई तुमी." थोडं पुढे जाऊन थांबले. "राहू द्या हाच."

आता एक राहिलं. गोदामाची गोष्ट मी आजवर जिथं जिथं सांगितली, तिथं मी सगळ्यांत आधी उठले असं सांगितलं. समितीतही तेच सांगितलं. परदेवाल्याची मुलगी, तिला कापड माहीत होतं. त्या महादेवाच्या गळ्यातला निळा रंग मी स्वतः भरला होता, तुम्ही रेघ मारून दिली होती. धूर मला दिसत होता. तुमचा आवाज मी ओळखला होता. तरी मी डोळे मिटले, आणि हात जोडून पुढच्याच रांगेत बसून राहिले. परदा फाडून तुम्ही बाहेर डोकं काढलंत तेव्हा पहिली मीच दिसले. "ऊठ की गं भवाने," असं म्हणालात. लोकांना वाटतं ती शिवी गावाला होती. मी ते तसंच राहू दिलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. रंगांच्या डब्याखाली ठेवते.