सहाव्या बटणाची भानगड

शिरड शहापूर,
मंगळवार, दुपार

प्रिय रागिणी,

सलाम घे आणि नमस्कारही घे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? जिंतूरचं पाणी मानवलं का? (दोन वर्षांनी विचारून राहिले, राग मानू नकोस.) आमी सगळे खुशाल, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तू आधीच हसायला लागतेस आणि मग मी काय सांगत होते तेच विसरते.

विषय आपल्या छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा. तू लग्न होऊन गेलीस तेव्हाच तो थकलेला होता, आता त्याला चौदावं वर्ष आहे. सकाळी बटण दाबावं, दुकान झाडावं, चहा करून प्यावा, मग कुठे तो जागा होतो. इंटरनेट चालत नाही, पेन ड्राइव्ह ओळखत नाही. पण मराठी टाइप करायला बसलं की बोटं आपोआप पळतात. मुबश्शीर (माझा धाकटा दीर, वसमतला त्याचं मोबाइलचं दुकान आहे) म्हणतो, "भाभी, भंगारात द्या." आमचे नासेर म्हणतात, "चालून राहिला तर काहून काढायचा?" मला दोघांचंही बराबर वाटतं, आणि तकलीफ तिथूनच सुरू झाली.

शेवटी मुबश्शीरनं आठ दिवस वापरून बघा म्हणून एक लॅपटॉप आणून ठेवला. त्याच आठवड्यात कुरुंद्याचे उत्तमसिंग मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. वरच्या रांगेतलं सहावं बटण दाबलं की 'श्री.' आणि सातवं दाबलं की 'कै.', ही सोय तूच जुन्यावर करून ठेवली होतीस. मी मुबश्शीरकडून लॅपटॉपवर तशीच करून घेतली. त्यानं केली, पण उलटी. आणि टाइप करताना माझं सगळं लक्ष हातातल्या कागदाकडे. (हे नासेरना सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी नमुना बघायला उत्तमसिंग आले, सोबत थोरले भाऊ गुलाबसिंग आणि त्यांची आई लखमाआजी. आजींना वाचता येत नाही, म्हणून उत्तमसिंग मोठ्यानं वाचायला लागले. स्वतःच्या नावाशीच अडखळले. मग खाली निमंत्रकांच्या यादीवर बोट फिरवलं. गुलाबसिंगांपासून शेवटच्या चुलत्यापर्यंत सगळेच 'कै.'! गुलाबसिंगांचा तंबाखू मळणारा हात जागीच थांबला.

"ताई," उत्तमसिंग हळूच म्हणाले, "आमच्या घरात इतकी माणसं कवा गेली?"

मी माफी मागून राहिले होते, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब. वरचं पुन्हा वाच. तुज्या बापाचं."

"श्री. भावसिंग यांची नात..." उत्तमसिंगांनी पुन्हा वाचलं. भावसिंग गेल्या पोळ्याला वारले. अख्ख्या मजकुरात खरे कैलासवासी ते एकटेच, आणि मशीननं 'श्री.' दिलं तेही त्यांनाच. मी खोडायला पेन उचललं. आजींनी कागदावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे माय. एवढं एक बराबर हाय."

"आई, लोक काय म्हनतील?" गुलाबसिंग म्हणाले.

"लोकांला जेवायला बोलावलं हाय, तपासायला न्हाई."

मग बाकीची सगळी नावं मी दुरुस्त केली (तीनदा तपासून) आणि भावसिंगांचं तसंच ठेवलं. पत्रिका छापून गेल्या, लग्न पार पडलं, कुणी ब्र काढला नाही. आजींनी एक पत्रिका ट्रंकेत ठेवल्याचं ऐकलं.

आता माझा गोंधळ समजून घे. जुन्यावर ही चूक झालीच नसती, म्हणून तो चांगला. पण मग त्या माउलीचा तो चेहरा मला दिसला नसता, म्हणजे लॅपटॉप चांगला? मुबश्शीर म्हणतो, बघा, झालं ना काम! नासेर म्हणतात, बघा, मी सांगत नव्हतो? एकाच गोष्टीवरून दोघेही जिंकून बसलेत. तूच सांग, ठेवू की काढू?

तुझी,
जुलेखा

ता. क. : विचारलं खरं, पण उत्तराची घाई करू नकोस. नासेर उद्या टेम्पो घेऊन जिंतूरला येऊन राहिलेत. हे पत्र आणि कॉम्प्युटरचा डबा सोबतच पोचेल. भंगारात द्यायला हात धजला नाही. नाही म्हणू नकोस, जड वस्तू परत उचलायची म्हटलं की नासेरची कंबर धरते.

आणखी एक : बांधाबांध झाल्यावर लक्षात आलं, मॉनिटर मी इथंच ठेवून घेतला. सगळंच्या सगळं द्यायला जीव झाला नाही. आता त्याच्याविना डबा तुझ्याकडे चालायचा नाही, आणि डब्याविना मॉनिटर माझ्याकडे. म्हणजे एकीला तरी एसटीत बसावंच लागेल. मी निघू, की तू येतेस?