फुटाण्याचा चौविहार

जळगाव, शनिवार

प्रिय प्रियल,

सप्रेम आशीर्वाद. आजच्या काळात बापाचे हस्ताक्षरातील पत्र कुरिअरने बेंगळुरूस येते, तेव्हा मनात ज्या अमंगल शंका उद्भवतात त्यांचे निरसन प्रारंभीच करतो. फुटाणा जिवंत आहे. मी हे लिहीत असता तो माझ्या खुर्चीखाली, फरशीला पोट टेकून पडला आहे आणि कूलरची दिशा त्याच्या सोयीने निश्चित केलेली आहे. मला त्या कूलरचा लाभ त्याच्यावरून परावर्तित होऊन मिळतो. तुझी दादी कुशल, मम्मी कुशल, आणि तुरीचे भाव वगळता माझीही काही तक्रार नाही. या आठवड्यात मी तुझे दूरध्वनी सातत्याने कापले आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ असे संदेश पाठवले. डाळीच्या दुकानात मीटिंग कसली, हा प्रश्न तुला पडला असणार. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे. पण ते क्रमाने येईल.

आरंभ केळ्याच्या त्यागापासून झाला. सावद्याचे रुपचंदकाका नेहमीप्रमाणे घड घेऊन आले. फुटाणा त्यांच्यासमोर जकात वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याच्या थाटात उभा राहतो, हे तू जाणतेस. या वेळी तो आला, केळे हुंगले आणि माघारी गेला. मला वाटले, आपल्या घराण्याचे संस्कार अखेर फळास आले आणि प्राण्याला वैराग्य प्राप्त झाले. हा विचार मी मोठ्याने बोललो. तुझी मम्मी म्हणाली, “वैराग्य नाही, आजारी आहे तो. भाषण आवरा आणि गाडी काढा.” डॉ. नवल यांनी रक्त तपासले. दोन्ही मूत्रपिंडे थकली आहेत. तू आठवीत असताना मेहरूण तलावाकाठून दप्तरात घालून आणलेले ते पिल्लू आता श्वानगणनेनुसार माझ्या वडीलधाऱ्यांत मोडते, हे मी विसरलो होतो. डॉक्टर मितभाषी आहेत. म्हणाले, “बरा होणार नाही, शेठ. त्याला बरं वाटेल असं मात्र पुष्कळ करता येईल.” तेव्हापासून आमचे सर्व उद्योग या दुसऱ्या वाक्याभोवती फिरतात.

तरी मनुष्यस्वभावानुसार मी द्वितीय मतासाठी त्याला धुळ्यास नेले. दादीने बरोबर येण्याचा निर्णय स्वतःच घेतला आणि मला कळवला. मागच्या आसनावर त्याचे मस्तक मांडीवर घेऊन पारोळ्यापर्यंत तिने त्याला नवकार मंत्र ऐकवला. पारोळ्यानंतर दोघेही घोरत होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी निदान तेच सांगितले आणि अत्यंत सभ्य शब्दांत, पुढे फारच हाल झाले तर एक इंजेक्शनही असते, असे सुचवले. दादीला कळू नये म्हणून मी तिला ते ‘चिरनिद्रेचा वैद्यकीय पर्याय’ अशा भाषेत सांगितले. तिला माझ्याआधीच कळले होते. म्हणाली, “सुभाष, ज्याला द्यायचं त्याला विचारलंस का? तो हो म्हणाला तर मला सांग.” डॉक्टरांनी विषय बदलला. ‘पप्पा, त्याला त्रास होऊ देऊ नका’ हे तुझे फोनवरचे वाक्यही मी विसरलेलो नाही. मी रोज सकाळी डॉ. नवल यांना एकच प्रश्न विचारतो, दुखते का त्याला? ते म्हणतात, मळमळ आहे, अशक्तपणा आहे, वेदना दिसत नाही. ज्या दिवशी त्यांचे उत्तर बदलेल, त्या दिवशी मी दादीसमोर तो विषय पुन्हा काढीन. ते सामर्थ्य माझ्या अंगी आहे की नाही, हे मात्र तेव्हाच कळेल.

खरी अडचण निराळीच उपस्थित झाली. थोडे थोडे आणि वारंवार खाऊ घाला, असा आदेश होता. एक गोळी रात्री, तीही अन्नाबरोबरच. रिकाम्या पोटी दिली की सगळे उलटून पडते. डॉक्टरांनी विचारले, “रात्री साधारण किती खातो?” मी म्हणालो, “रात्री आमच्याकडे कोणीच खात नाही.” ते म्हणाले, “कुत्र्याचं विचारतोय.” मी म्हणालो, “मीही त्याचंच सांगतोय.” तो घरात आला तेव्हापासून दादीचा चौविहार आणि त्याचा चौविहार एकच. सूर्य मावळला की स्वयंपाकघर पुसून बंद आणि त्याची थाळी पालथी. पाण्यापुरती त्याला सूट, कारण तो अज्ञ जीव. आता या अज्ञ जीवाने सूर्यास्तानंतर तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळवले. मी मऊ भात दिला, त्यावर तूप सोडले, आपद्धर्म या विषयावर संक्षिप्त प्रवचन केले. तुझ्या मम्मीने चमचा वापरून पाहिला. तानुबाई भांडी घासता घासता म्हणाली, “भाऊ, तुम्हना घरनं पानी लागेल शे त्याले. आते भोगा.” तिच्या या निदानावर तिसरे मत घेण्याची मला आवश्यकता वाटली नाही.

मग दादी उठली. तिने एक रिकामी वाटी घेतली, पाट मांडला आणि गुडघ्यांची तक्रार करीत त्याच्यासमोर बसली. दिवे लागलेले होते. तिने वाटीत बोटे घातली, तोंडापर्यंत नेली आणि चावू लागली. वाटीत काही नव्हते. साठ वर्षांत जिने सूर्यास्तानंतर औषधाचा थेंब घेतला नाही, ती माझी आई कुत्र्यासमोर बसून जेवल्याचे नाटक करीत होती, आणि मध्येच “आज मीठ जरा कमी आहे” असेही म्हणाली. फुटाण्याने तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग मान पुढे केली आणि तिच्या डाव्या हातातला भात गोळीसकट खाल्ला. तेव्हापासून हा प्रयोग रोज होतो. खाण्याच्या अभिनयाने व्रतभंग होतो काय, हा प्रश्न तिने मला विचारला. रिकाम्या पात्रात रस नाही, रसाविना दोष नाही, असा निर्वाळा मी तत्काळ दिला. माझ्या शास्त्रज्ञानावर तिचा विश्वास नसल्याने ती चातुर्मासासाठी येणाऱ्या साध्वी महासतीजींना विचारणार आहे. तूर्तास वाटी धुऊन ठेवताना ती ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणते. क्षमा कोणाची मागते, ते मी विचारले नाही.

एरवी दिनक्रम शांत आहे. सकाळी सलाईन. ते कातडीखाली कसे द्यावे हे मी शिकलो आहे आणि सुई टोचताना फुटाण्यापेक्षा मी अधिक स्थिर असतो, अशी अफवा मीच पसरवली आहे. दुपारी ओल्या पंच्याने त्याचे पंजे आणि पोट पुसतो. हवा तुला ठाऊक आहेच. बाहेर पारा चव्वेचाळिसावर आणि गल्लीत माणूस नाही. दुकान दुपारी बंद ठेवतो. गिऱ्हाइकांना मी सांगतो की उन्हामुळे, आणि शेजारचे झुलालभाऊ त्यांना सांगतात की कुत्र्यामुळे.

आता फोनविषयी. गेल्या रविवारी तू व्हिडिओ लावलास आणि “फुटू” अशी हाक मारलीस. तुला वाटले नेटवर्क गेले, कारण मी तसे सांगितले. वस्तुतः मोबाइल माझ्या हातून पडला होता. जो दोन दिवस आधाराविना उभा राहिला नव्हता, तो उभा राहिला. त्याने मोबाइल हुंगला, त्याच्यामागे पाहिले, माझ्यामागे पाहिले आणि भिंतीचा आधार घेत फाटकापर्यंत गेला. भर उन्हात तिथे बसला. मी उचलून आत आणला. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो, आणि समस्त गल्लीस दर्शन दिले. त्या संध्याकाळी दादीने रिकामी वाटी घेऊन बराच वेळ तोंड हलवले. त्याने तिच्याकडे पाहिले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गोळी नाही, अन्न नाही, फक्त फाटक. मंगळवारी पुन्हा खाऊ लागला, पण पूर्वीइतका नाही. तुझा आवाज घरात येतो आणि तू येत नाहीस, हा व्यवहार आपल्याला कळतो. त्याला तो समजावून सांगण्याइतके संस्कृत मला येत नाही. मी दुकानातून तुला एकदा फोन केला होता. तू विचारलेस, कसा आहे? मी तुरीच्या भावावर विनोद केला. फोनवर मला विनोद सुचतात, मुद्दा सुचत नाही, म्हणून कागद घेतला.

मुद्दा असा की आता आवाज पाठवू नकोस, स्वतः ये. तो पावसाळा पाहील का, असे विचारले की डॉ. नवल पुढची औषधे लिहू लागतात, त्यामुळे लवकर ये. तुमच्या कंपनीत कुत्र्याच्या आजारपणाची रजा मिळत नसणार, हे मी समजू शकतो. तेव्हा अर्जात ‘वडील आजारी आहेत’ असे लिही. सत्यव्रताच्या अंगाने मी याचा साधकबाधक विचार केला आहे. काल गिऱ्हाइकाने तूर मागितली आणि मी हरभरा मोजला. ताटावरून मी अर्ध्यात उठतो, आणि तुझी मम्मी आता कारणही विचारत नाही. लिहून टाक. फारसे खोटे होणार नाही.

तुझाच,
पप्पा