दोनदा वाजलेली घंटी

सिहोरा, १२ मे १९७८

आज घंटी ऐकूनही शांतीनं मान वर केली नाही, तिथंच सगळं बदललं. दोन वर्षं माझ्या सायकलची घंटी दोनदा वाजली की ती दारात यायची. अर्धवट सोडलेल्या कॉलेजात एवढंच शिकलो होतो: रोज घंटी वाजवून घास दिला, की कुत्रं नुसत्या घंटीवरही लाळ गाळते. म्हणून आज तिच्या साक्षगंधात मुद्दाम वाजवली. सवयीनं उठेल, नवरदेवासमोर फजिती होईल! ती पाटावर बसूनच राहिली. बाहेर आला तिचा बाप.

"कायले वाजवून राहिला बे? तुले कोनं बोलावलं?"

आणि घंटी वाजताच माझीच नजर दाराकडे गेली होती. म्हणजे कुत्रं मीच?

घरी येऊन सायकलची घंटी काढून खिशात घातली आहे. पंगत उठायच्या आत सगळ्यांसमोर तिच्या हातात आहेर म्हणून ठेवतो. घे, आता तू वाजव, मी येत नाई.

निघालो. दार ओढून घेतो.