चिठ्ठीमागे चिठ्ठी

केंटकी,
१९ ऑक्टोबर २००९

प्रिय रोझेला,

तुझे गुडघे बरे असतील. माझे नाहीत, विचारणारं इथे कुणी नाही, म्हणून आपणहून सांगते. शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळतात. मी डब्यात भरून घरी आणते आणि उभ्यानेच खाते. एकटीसाठी टेबल कोण मांडणार?

आता संताप. संग्रहालयात माझ्या जागेवर डॉ. हेडन नावाची बाई आली आहे. झाडांच्या सालीखालच्या आंधळ्या लाल गोमांच्या ज्या कुप्या मी छत्तीस वर्षं सांभाळल्या, पायांच्या तेवीस-तेवीस जोड्या मोजल्या, त्यांना ती 'जुना माल' म्हणते! मागच्या आठवड्यात मला बोलावून म्हणाली, "मॅडम, जातींची यादी छापतेय. काळसर जातीची आपल्या काउंटीतली एकच कुपी आहे, १९६८ची. तुम्हालाच सापडली ना? कमाल आहे तुमची!"

मी 'हो' म्हटलं.

ती गोम सापडली त्या दिवशी मी सापाच्या भीतीने कुंपणावर बसले होते. कुजक्या ओकच्या ओंडक्याची साल सोलली तू. गोम बोटाला डसली तरी सोडली नाहीस. कुपीतल्या चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव लिहितात. माझी नोकरी नवी होती; मी माझं लिहिलं. तू काचेतून वाचलंस आणि एवढंच म्हणालीस, "ताई, अक्षर मात्र सुरेख हं. शाळेतली सिस्टर अगाथांची छडी वाया नाही गेली." आणि ओहायोला निघून गेलीस. तेव्हापासून नाताळचं कार्ड, त्यात नुसती सही. एकेचाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, रोझेला तोऱ्याची आहे.

काल परत गेले आणि हेडनला खरं सांगितलं. ती गडबडली. "मग ही चिठ्ठी काढून टाकते."

"खबरदार! मूळ चिठ्ठी कधी काढत नाहीत. दुरुस्ती वेगळ्या चिठ्ठीवर करून तिच्यामागे घालायची. एवढंही शिकवलं नाही तुला?"

पेन्सिलीने मीच लिहिलं: 'शोधणारी: रोझेला मॅटिंगली.' यादीत तुझंच नाव छापेल. पण कुपीत माझं खोटंही राहील, तुझ्या नावाला चिकटून. उघडेल त्याला दोन्ही दिसतील. दिसू देत.

माफ कर म्हणायला जीभ वळत नाही. जन्मभर ती दुसऱ्यांवरच चालवली. तू शिव्या दिल्यास तरी चालेल. फक्त नुसती सही पाठवू नकोस.

तुझं नाव घेऊन बसलेली
तुझी थोरली बहीण,
झीटा