डावीकडचे बाण

मढ, मालाड (प.)
४ ऑगस्ट २०२५

ती. नलिनीआत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

कानातलं नवं मशीन बसलं का? फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे घरातली गोष्ट आधी अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जाते आणि मग तुला. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं तू वाचत नाहीस. म्हणून वहीची पानं फाडून बसलेय. अक्षराला हसू नकोस, सवय गेलीय.

आत्या, कल्पूचं काही खरं दिसत नाही गं. गेल्या वर्षी जूनमध्ये तिला इथल्या मराठी शाळेतून काढून मालाडच्या इंग्लिश शाळेत दुसरीत घातलं, ते तुला माहीतच आहे. आता तिसरीत आहे. परवा गणिताची चाचणी झाली, वीसपैकी आठ. ही तीच पोरगी जी पाच वर्षांची असताना सासूबाईंच्या पाटीतले बोंबील मोजून द्यायची! केयूरसर म्हणून वर्गशिक्षक आहेत, त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, ती वर्गात तोंडच उघडत नाही, विचारलं तर खाली बघते. मागे पडलेल्या मुलांचा त्यांच्याकडे वेगळा वर्ग आहे, हळू शिकवतात. त्यात हिला घालायचं म्हणतात. दहा सप्टेंबरला आम्ही दोघांनी येऊन सही करायची.

तुला एक सांगितलं नव्हतं. शाळेत नाव घातलं तेव्हा त्यांनी बजावलं होतं, घरीही इंग्लिशच बोला, नाहीतर मूल तयार होत नाही. तेव्हापासून निमेश आणि मी तिच्याशी आमच्या मोडक्या इंग्लिशमध्ये बोलतो. कम, ईट, स्लीप, होमवर्क. त्याच्यापुढे आमची गाडी जात नाही. सासूबाईंना तर आपल्या कोळी बोलीशिवाय काही येत नाही. निमेशने त्यांना सांगितलं, आय, तू तिच्यासमोर नको बोलूस. त्या बिचाऱ्या कल्पू शाळेतून आली की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

घर इतकं शांत झालंय की मला भीती वाटते. तू एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवलंस. काय करू ते सांग. तुझी माया आहेच, या वेळी जरा अक्कलही पाठव.

तुझी,
समीक्षा


मुलुंड (पू.)
९ ऑगस्ट २०२५

चि. समीक्षा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मशीन बसलं. आता शेजारणीचा मिक्सर ऐकू येतो, शेजारीण येत नाही. तक्रार नाही.

तिला मराठी शाळेतून काढू नका, असं मी तेव्हा म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं. झालं, एकदा म्हणून घेतलं, आता पुन्हा म्हणणार नाही.

आधी मला चाचणीचा पेपर पाठव. गुण नकोत, पेपर हवा. कल्पूने लिहिलेला, सरांनी तपासलेला, जसाच्या तसा. मूल कुठे अडलं ते गुणांवरून कधीच कळत नाही, खाडाखोडीवरून कळतं.

दुसरं, सोबत एक कागद जोडला आहे. दहा उदाहरणं आहेत, मराठीत, तिसरीच्या मानाने जरा चढीच. तिला दे आणि तू तिथून ऊठ. मदत करायची नाही, घड्याळ लावायचं नाही. ती कुठे बसून सोडवते, कोणाला काय विचारते, एवढं लांबून बघ आणि मला कळव.

तुझ्या सासूबाईंना, मथुराबाईंना माझा नमस्कार सांग. कोळी बोलीतच सांग, इंग्लिशमध्ये सांगितलास तर त्यांना वाटेल मी गेले.

पोरगी मठ्ठ नाही. हे मी पेपर न बघता लिहिते आहे, आणि सहसा मी पेपर न बघता काही लिहीत नाही.

अक्कल पाठवली आहे. माया मागाहून, पेपर मिळाल्यावर.

तुझी,
नलिनीआत्या


मढ
१८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पेपर सोबत आहे. पण आधी झालेलं सांगते.

रविवारी दुपारी तुझा कागद कल्पूला दिला आणि आत गेले. खिडकीतून बघत होते. तिने दोनदा वाचला, मग सरळ ओट्यावर आजीशेजारी जाऊन मांडी घातली. सासूबाई पटकन उठायला लागल्या. कल्पूने त्यांच्या पदराचं टोक धरून ठेवलं.

तुझं सहावं उदाहरण आठवतं ना? मथुराबाईंकडे शहाण्णव बांगडे, आठ-आठचे वाटे लावले, तीन वाटे विकले, किती बांगडे उरले. तिथे ती थांबली आणि आजीला काहीतरी विचारलं. सासूबाईंनी आधी खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं. बोलू का, असं विचारल्यासारखं. आत्या, माझ्या सासूला स्वतःच्या नातीशी बोलायला माझी परवानगी लागावी! मी मान हलवली. मग त्या बोलायला लागल्या त्या काळोख पडेपर्यंत.

दहापैकी नऊ बरोबर आली. राहिलेलं एक म्हणजे ते सहावंच. तिथे बाहत्तरऐवजी एकाहत्तर लिहिलंय आणि खाली लिहिलंय, आजी तीन वाटे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एक बांगडा वर घालते. आता हे चूक धरायचं की बरोबर, ते तू ठरव.

मी हरखले होते, पण संध्याकाळी निमेशने तो कागद पाहिला आणि वाट लागली. तुझ्यावरच घसरला. म्हणाला, आत्यांनी जन्मभर मराठी शाळेत नोकरी केली, त्यांना सगळ्यांचीच पोरं तिथे हवीत. मराठीत गणित येऊन उपयोग काय, मलाही येत होतं. कागद कपाटावर ठेवून दिला. सही करू, वेगळा वर्ग तर वेगळा वर्ग, पण शाळा बदलायची नाही, म्हणतो. कालपासून आमचं बोलणं बंद आहे. इंग्लिशमध्येसुद्धा.

तूच लिही त्याला. माझं ऐकत नाही, तुला तरी घाबरेल. सगळ्यांवर लोभ ठेव, त्याच्यावरही.

समीक्षा


मुलुंड (पू.)
२३ ऑगस्ट २०२५

चि. निमेशराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते समीक्षाने कळवलं. मला शाळा बदलायला सांगायची नाही. फक्त हे पत्र होईपर्यंत कल्पिताचा पेपर समोर धरा.

पहिल्या पानावर नुसती आकडेमोड आहे. अठ्ठेचाळीस वजा एकोणतीस, अशी आठ गणितं. आठही बरोबर. आता पान उलटा. तीच वजाबाकी, तीच बेरीज, पण शब्दांत घातलेली. सहा उदाहरणं, बारा गुण, आणि मिळाले शून्य. म्हणजे आकड्यांत पोरगी कुठे अडली नाही.

मग कुठे अडली? समासात पेन्सिलीने काढलेले बाण दिसतात का? तीन उदाहरणांत ‘हाऊ मेनी आर लेफ्ट’ असं विचारलं आहे. त्या तिन्हींपुढे तिने बाण काढला आहे, डावीकडे तोंड केलेला. लेफ्ट म्हणजे डावा एवढं तिला ठाऊक. लेफ्ट म्हणजे उरलेलं, हे तिला कोणी सांगितलंच नाही. चौथ्यात ‘हाऊ मेनी मोअर’ आहे, तिथे तिने मोर काढला आहे. त्यावर सरांनी लाल पेनाने लिहिलं आहे, पेपरवर चित्रं काढू नयेत. मी आधी हसले. मग चष्मा काढून ठेवावा लागला.

आता माझं ऐका, कारण हे मी समीक्षालाही कधी सांगितलेलं नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या वर्गात सोनूबाईची चांगुणा होती, आपल्यातलीच. ती ‘मला’ म्हणायच्या ऐवजी ‘मना’ म्हणायची. घरी मीही तेच म्हणत होते. पण मी बाई झाले होते ना! दर वेळी तिला उभी करायची आणि सगळ्या वर्गासमोर ‘मला’ असं दहा वेळा म्हणायला लावायची. तिचं भलं करते आहे असंच मला वाटायचं. आधी तिने बोलणं सोडलं, मग उत्तरं देणं, दिवाळीनंतर शाळाच. तिला माझ्याहून जलद पाढे येत होते. मराठीच्या नावाने मी तेच केलं, जे आज कल्पिताच्या वाट्याला इंग्लिशच्या नावाने आलं आहे.

म्हणून मी शाळेची बाजू घेत नाही, कुठल्याच. इंग्लिश तिला यायलाच हवं, चांगलं यायला हवं. पण जी गोष्ट घरच्या बोलीत समजली आहे तिलाच इंग्लिश नाव चिकटतं. समजलेलंच काही नसेल तर ते चिकटणार कशाला? तुम्ही तिला इंग्लिश देण्यासाठी घरातली बोली काढून घेतलीत, आणि त्या जागी तुमच्याकडे द्यायला कम, ईट आणि स्लीप एवढंच होतं.

रागवायचं तर रागवा, पण दहा तारखेच्या आधी एकदा तिच्याजवळ बसा. म्हातारीचा शब्द ठेवलात तर लोभ वाढेल, नाही ठेवलात तरी कमी होणार नाही.

नलिनीआत्या


मढ
२ सप्टेंबर २०२५

ती. नलिनीआत्या यांस,
निमेशचा सा. नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

काल तिच्याजवळ बसलो. पेपरातली ती सहा गणितं एकेक करून आपल्या बोलीत सांगितली. पाच पटापट केली. एक घाईत चुकवलं, ते स्वतःच खोडून नीट केलं. पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटतं गणितापेक्षा मी बोलतोय याचंच तिला जास्त नवल वाटत होतं. मग तिनं मला विचारलं, पप्पा, तुमी माज्यावर रुसलेलं का? वर्षभर तिला तसं वाटत होतं.

मी बावीस वर्षांचा असताना सांताक्रूझला विमानतळावर मेंटेनन्सच्या जागेसाठी गेलो होतो. पंप हवा धरतोय, पाणी ओढत नाही, काय कराल, असं इंग्लिशमध्ये विचारलं. मला प्रश्न कळला होता, उत्तरही येत होतं, वडिलांच्या बोटीवर शंभर वेळा केलेलं. शब्द आले नाहीत. हातांनी करून दाखवायला लागलो तर ते हसले. पाच मिनिटांत बाहेर. आज अंधेरीच्या कंपनीत मी शिकवलेली पोरं माझ्यावर सुपरवायझर आहेत, कारण त्यांना ईमेल लिहिता येतो.

हे तिचं होऊ नये म्हणून शाळा बदलली. आणि मला जे बाविसाव्या वर्षी झालं ते तिला मी आठव्या वर्षीच करून दिलं. तिलाही उत्तर येत होतं.

दहा तारखेला अर्धी रजा टाकलीय. सही करणार नाही. तुमच्याबद्दल बोललो ते मागे घेतो. तुमचा हात पाठीवर असू द्या.

निमेश


मढ
१६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण निकाल हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दहा सप्टेंबरला निमेशने पेपर केयूरसरांच्या टेबलावर ठेवला आणि बाणांवर बोट ठेवलं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मध्येच इंग्लिश, पण बोलला. म्हणाला, नवीन पेपर काढा, मी तिला फक्त प्रश्न आमच्या भाषेत सांगतो, उत्तर सांगत नाही. सरांनी तिथल्या तिथे सहा उदाहरणं लिहिली. कल्पूने सहाही सोडवली.

सरांनी पेपर उलटून तो मोर पुन्हा पाहिला. ते बोरिवलीचे, गुजराती, स्वतः सातवीपर्यंत गुजराती शाळेत शिकलेले. म्हणाले, हे मला दिसायला हवं होतं. मग वेगळ्या वर्गाची यादी काढली. नऊ मुलं, त्यातली आठ घरी इंग्लिश सोडून दुसरंच काही बोलणारी. ते मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हणाले, आधी या नऊ जणांनाही असंच तपासू, मग सह्या. बाई काही विरघळल्या नाहीत. ‘ओन्ली इंग्लिश’ची पाटी दारावर आहे तशीच आहे. पण दिवाळीपर्यंत करून बघा म्हणाल्या.

सरांनी काय केलं माहितेय? गणितात येणारे चाळीसेक शब्द फळ्याशेजारी लावले आणि प्रत्येक मुलाला त्याच्या घरचा शब्द विचारून वहीत लिहायला लावला. उत्तर आधी कुठल्याही भाषेत सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्लिश करायचं. त्या नऊमधली सहा मुलं आपापल्या वर्गातच राहिली. तिघांना खरंच हळू शिकवायची गरज आहे, त्यांना ते मिळतंय.

कल्पूला सहामाहीत गणितात वीसपैकी पंधरा. लगेच पेढे वाटू नकोस, इंग्लिशच्या निबंधात दहापैकी तीनच आहेत. सर म्हणाले, भाषा मुरायला अजून दोन-तीन वर्षं जातील, घाबरू नका आणि घरी गप्प बसू नका.

गप्प बसायचा प्रश्नच नाही. सासूबाई वर्षभराचं साठलेलं आता बोलून घेतायत, मला मध्ये शिरायला फट मिळत नाही. निमेश रोज जेवणानंतर कल्पूबरोबर इंग्लिश गोष्टीचं पान वाचतो. त्याचे उच्चार ती सुधारते आणि तो सुधारून घेतो. पुढच्या महिन्यात कंपनीत ईमेलचा कोर्स आहे. त्याने नाव दिलंय. मला सांगितलं नाही, खिशात पावती सापडली.

भाऊबीजेला ये. माया टपालाने पुरत नाही गं.

तुझी,
समीक्षा


मढ
३० नोव्हेंबर २०२५

ती. नलिनीआजीस,
कल्पिताचा नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. आई फक्त वेलांटी बघते आहे.

आमच्या वर्गात सोमवारी एक नवीन मुलगी आली. तिचं नाव जयंती. तिचे बाबा बोटीवर कामाला आले आहेत. ती ओडिशाची आहे, ते खूप लांब आहे, मी नकाशात बघितलं. तिला इंग्लिश येत नाही, मराठी येत नाही, हिंदी पण थोडीच येते. ती दोन दिवस नुसती बाकाखाली बघत होती. सर बोलले तरी बघत नव्हती. मुलं म्हणाली, हिला काहीच येत नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत?

मग मी सरांना विचारून तिच्या बाजूला बसले. मला ओडिशाचं काहीच येत नाही. मी कंपासपेटी दाखवली, ती बोलली नाही. खिडकी दाखवली, ती बोलली नाही. मग मी माझी बाटली तिच्यासमोर ठेवली, आत बोट दाखवलं आणि खुणेने विचारलं, तुझ्या घरी ह्याला काय म्हणतात?

ती खूप हळू म्हणाली, पाणि.

आजी, आपल्यासारखंच! हिंदीसारखं पानी नाही, आपलं ण वालं! मी जोरात म्हटलं, आमच्याकडे पण पाणी! ती म्हणाली पाणि, मी म्हणाले पाणी, असं आम्ही खूप वेळा केलं आणि सरांनी आम्हाला गप्प बसा म्हणून सांगितलं. आम्हाला दोघींना मिळून!

आता ती थांबतच नाही.

माझ्यावर खूप लोभ कर आणि उत्तर लवकर लिही, मला ते जयंतीला वाचून दाखवायचं आहे.

तुझी,
कल्पिता